दारूने बुडालेल्या घरातील मुलगा : गाडगे महाराज

गाडगे महाराजांचे नाव ज्यास ठाऊक नाही असे खेडे वऱ्हाडात क्वचितच सापडेल. तथापि त्यांचे बालपण किती हालात गेले हे पुष्कळांस माहीत नसते. किन्हीराजा व आसपासच्या गावांतील वाचकांस हे चरित्र परके वाटणार नाही; कारण ते आपल्याच वऱ्हाडच्या मातीत घडले आहे.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या काळी जातीच्या कार्यांत दारू व मटण वाढण्याची चाल होती. पिता झिंगराजी हे दारूच्या इतके आहारी गेले की घरची चीजवस्तू गेली, शरीर खंगले, आणि मुलगा जेमतेम आठ वर्षांचा असता १८८४ च्या सुमारास ते निवर्तले. विधवा सखुबाईस लेकरू घेऊन माहेरचा आश्रय करावा लागला.

माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे, किन्हीराजाहून उत्तरेकडे. तेथे मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजीस पोटास भाकरी मिळाली व हातास काम मिळाले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखली, पुढे नांगर धरला. परंतु मामांनी विश्वासाने सावकाराशी व्यवहार केला, जमीन हातची गेली आणि त्या दुःखाने मामाही खचून वारले. अशा रीतीने दारू व कर्ज या दोन शत्रूंनी दोन घरे कशी उद्ध्वस्त केली, हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले.

१८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. पुढे मुलीच्या बारशाचे जेवण आले, तेव्हा भाऊबंदांनी रूढीप्रमाणे दारूची अपेक्षा केली. डेबूजीने दारूही आणली नाही व बकरेही कापले नाही. सर्वांस गोड जेवण वाढले. जातभाई रुष्ट झाले, तरी तो ढळला नाही. वाचकहो, परक्यास उपदेश करणे सोपे असते. आपल्याच अंगणात आपल्याच सोयऱ्यांसमोर नाही म्हणणे फार कठीण. ज्या चालीने बाप गेला ती चाल मुलाने आपल्या दारी बंद केली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती मातीचे गाडगे व खराटा. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनात लोकांस प्रश्न विचारून दारू, कर्ज, पशुहत्या व अस्पृश्यता यांची हानी त्यांच्याच तोंडून वदवावी, असा त्यांचा क्रम असे. स्वतः निरक्षर असता मुलांस शिकवा हा त्यांचा आग्रह होता. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक इत्यादि ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचा देहान्त झाला.

बापाचे व्यसन हे मुलाच्या कपाळीचे लिखित नव्हे. पण डेबूजीस प्रथम एका घराने थारा दिला होता, हेही विसरू नये. आपल्या गावी ज्या घरात बाप पितो, त्या घरच्या लेकराने आज भाकर खाल्ली काय व ते शाळेत गेले काय, एवढी विचारपूस तरी शेजाऱ्याने अवश्य करावी.