जॉन बनियन आणि मोलाचा मोती

मोलवान मोत्याचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मोत्यांच्या शोधात फिरणाऱ्या व्यापाऱ्यास एक फार मोलाचा मोती आढळला, तेव्हा त्याने आपले होते नव्हते ते विकून तो घेतला, असे आपल्या प्रभूने शिकविले. हा दाखला ऐकताना पुष्कळांच्या मनात येते की, ही गोष्ट धनवानांची आहे. ज्यापाशी शेतवाडी नाही, सोनेनाणे नाही, त्याने विकावे तरी काय? ह्या शंकेचे उत्तर ज्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसते, अशा एका दरिद्री कारागिराचे चरित्र आज सांगावयाचे योजिले आहे. यात्रिकक्रमण ह्या नावाने जे पुस्तक हरि केशवजी यांनी इ. स. १८४१ मध्ये मराठीत आणिले, त्याचा मूळ कर्ता जॉन बनियन तो हाच.

इंग्लंड देशात बेडफर्ड नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच एल्स्टो नामक खेड्यात इ. स. १६२८ मध्ये बनियनचा जन्म झाला. त्याचा बाप गावोगाव हिंडून फुटकी भांडी सांधीत असे, व मुलानेही तोच धंदा उचलिला. आमच्या खेड्यांत कल्हईवाला किंवा भांड्यांस डाग देणारा येतो, त्याची जी पायरी, तीच ह्या कुटुंबाची होती. तरीही आईबापांनी त्याला शाळेत पाठवून थोडे लिहावयास व वाचावयास शिकविले, हे देवाच्या योजनेने घडले असे म्हणणे प्राप्त आहे. तो पंधरा वर्षांचा असता एका उन्हाळ्यात त्याची आई वारली, आणि दुसऱ्याच महिन्यात बहीणही वारली. पुढे देशात राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्ये युद्ध चालले असता तो पार्लमेंटाच्या सैन्यात शिपाई झाला, व सुमारे तीन वर्षांनी घरी परतला.

तरुणपणी त्याच्या तोंडी शिव्याशाप फार असत. इतके की, एकदा एका दुकानाच्या खिडकीपुढे तो शिव्या देत उभा असता, जिची स्वतःची गावात चांगली ख्याती नव्हती अशा बाईने त्याला खडसाविले, आणि तो लाजेने खाली मान घालून उभा राहिला. सुमारे इ. स. १६४९ मध्ये त्याचे लग्न झाले. नवराबायको इतकी गरीब होती की घरात ताटली व चमचा एवढेही सामान नव्हते. परंतु बायकोच्या देवभीरू बापाने मरतेवेळी तिला दोन धर्मपुस्तके दिली होती, तेवढे तिने माहेरून आणिले. ती दोघे मिळून ती पुस्तके वाचीत. तेव्हापासून बनियन देवळात नेमाने जाऊ लागला, वाईट खोडी सोडू लागला, आणि शेजारी त्याची वाहवा करू लागले. तोही मनात संतुष्ट झाला.

परंतु एके दिवशी कामानिमित्त तो बेडफर्डास गेला असता तीनचार गरीब बायका एका दारापाशी उन्हात बसून बोलत होत्या. धर्माच्या गोष्टी आपणासही बोलता येतात, ह्या अभिमानाने तो जवळ गेला. पण त्यांचे बोलणे त्याला उमगेना. त्या नव्या जन्माविषयी, आपल्या अंतःकरणाच्या दुष्टपणाविषयी आणि ख्रिस्ताच्या प्रीतीने आपणांस कसा आधार मिळाला ह्याविषयी बोलत होत्या; आणि त्यांच्या बोलण्यात असा काही आनंद होता की जणू त्यांस एखादे नवे जगच सापडले होते. आपल्यापाशी सुधारलेले आचरण आहे, पण ह्या बायकांपाशी जे आहे ते नाही, हे बनियनास तेव्हा कळून आले. तो पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागला. त्यांनी त्याची गाठ आपल्या मंडळीचे पाळक जॉन गिफर्ड यांच्याशी घालून दिली. गिफर्ड हे पूर्वी दारू व जुगार यांच्या नादी लागलेले लष्करी अंमलदार होते, व देवाच्या कृपेने त्यांचा पालट झाला होता. बायबल सोसायटी नाही, मोठा पंडित नाही. दारात बसलेल्या गरीब बायकांच्या साक्षीने ह्या मनुष्यास मार्ग दाखविला, हे आमच्या भगिनींनी विसरू नये.

ह्यानंतर त्याजवर जे संकट आले ते बाहेरचे नसून आतले होते. सुमारे एक वर्षभर त्याच्या मनात एकच कल्पना घोळू लागली की, ख्रिस्तास विकून टाक. संसारातील ह्या नाही तर त्या वस्तूसाठी त्याला देऊन टाक. तो जेवावयास बसो, लाकूड फोडो, की खाली पडलेली टाचणी उचलो, हाच विचार पाठीस लागे. तो मोठ्याने नाही, नाही म्हणे. हजारो जगे मिळाली तरी विकणार नाही असे म्हणे. तरी विचार हटेना. अखेर एका सकाळी अंथरुणावर पडला असता तो थकून गेला, आणि त्याची इच्छा असल्यास ख्रिस्त जावो, असे त्याच्या मनात येऊन गेले. झाले! आपण एसावाप्रमाणे आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकिला, आता पश्चात्तापासही जागा उरली नाही, ह्या भयाने तो सुमारे अडीच वर्षे तळमळत राहिला.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याच्या घरी ताटली व चमचाही नव्हता, त्यालाच हा विकण्याचा मोह झाला. मग दाखल्यातील व्यापारी धनवानच असावा असे कोठे आहे? सैतान गरिबाच्याही दारात तागडी घेऊन उभा राहतो. फार द्यावयाचे त्याला कारण पडत नाही. मसुराच्या आमटीच्या एका वाटीवर त्याचा सौदा पटतो.

बनियनाची सुटका अशी झाली. एके दिवशी शेतातून जात असता त्याला एकाएकी उमज पडला की, आपले नीतिमत्त्व स्वर्गात देवाच्या उजवीकडे आहे; ते ख्रिस्तच आहे. आपल्या मनाची स्थिती आज चांगली म्हणून ते वाढत नाही, व उद्या वाईट म्हणून ते घटत नाही. त्याने पुढे हे एका दृष्टांताने समजाविले आहे : श्रीमंत मनुष्य खिशात घासलेली चिल्लर बाळगतो, पण त्याच्या मोहरा घरी पेटीत असतात, तसा आपला खरा ठेवा ख्रिस्ताच्या ठायी घरी सुरक्षित आहे, असे त्याला दिसले. तेव्हा त्याच्या पायांतील बेड्या गळून पडल्या. आपण मोती धरून ठेविला म्हणून नव्हे, तर मोत्याच्या धन्याने आपणास धरून ठेविले म्हणून आपण तरलो, हे तो शिकला. हा धडा पुढे त्याच्या फार उपयोगी पडला.

तो मंडळीत उपदेश करू लागला. दिवसा भांडी सांधावी आणि मिळेल तेथे, कोठारात, झाडाखाली, कोणाच्या घरी, सुवार्ता सांगावी, असा त्याचा क्रम होता. लोक दुरून ऐकावयास येत. इ. स. १६५८ मध्ये त्याची पहिली बायको चार मुले मागे ठेवून वारली. त्यांतील वडील मुलगी मेरी जन्मांध होती. पुढल्या वर्षी त्याने एलिझाबेथ नावाच्या तरुण स्त्रीशी लग्न केले.

इ. स. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला. सरकारी चर्चाच्या बाहेर ज्या मंडळ्या जमत त्यांवर आता पुन्हा कायद्याचा हात पडू लागला. त्या वर्षी १२ नोव्हेंबर रोजी सॅम्सेल नावाच्या वाडीत एका शेतघरी बनियन उपदेश करणार होता. त्याला पकडण्याचा हुकूम सुटला आहे, ही बातमी आधीच येऊन पोहोचली. घरधनी घाबरला व सभा मोडावी असे सुचवू लागला. बनियन बाहेर जाऊन शेतात थोडा वेळ फिरला व त्याने विचार केला. आपण पळालो तर नुकतेच विश्वासात आलेले दुर्बळ भाऊ काय समजतील? आजवर आपण त्यांस धैर्य धरा असे सांगितले ते केवळ शब्दच होते काय? तो परत आत गेला, प्रार्थना करून त्याने शास्त्र उघडिले, आणि थोड्याच वेळात शिपाई आले.

खटला चालला. शिक्षा अशी झाली की, तीन महिने तुरुंग. तदनंतरही उपदेश सोडून सरकारी चर्चात न आल्यास देशाबाहेर हद्दपारी. आणि परवान्याविना परत आल्यास फाशी. हद्दपारी प्रत्यक्षात झाली नाही, परंतु त्या तीन महिन्यांची बारा वर्षे झाली. आणि चमत्कार हा की, तुरुंगाची किल्ली एका अर्थी त्याच्याच हाती होती. जाहीर उपदेश करणार नाही एवढे वचन दिले असते तर दार उघडले असते. न्यायाधीशांचा कारकून स्वतः तुरुंगात येऊन त्याला गोडीने समजावून गेला. बनियनाने राजाचा मान राखिला, शिक्षा निमूटपणे सोशीन असे सांगितले. पण ते वचन काही दिले नाही.

इकडे घरी काय अवस्था झाली ती ऐका. एलिझाबेथ गरोदर होती. नवऱ्याच्या अटकेच्या धक्क्याने तिला अकाली वेणा लागल्या, आठ दिवस ती कष्टली, व मूल दगावले. तरीही ती खचली नाही. सवतीच्या चार लेकरांस तिने पोटाशी धरिले. लंडनास जाऊन तिने मोठ्या लोकांपुढे अर्ज ठेविला. इ. स. १६६१ च्या ऑगस्टात न्यायाधीश बेडफर्डास आले, तेव्हा ती भरल्या दिवाणखान्यात त्यांच्यापुढे उभी राहिली. सर मॅथ्यू हेल यांनी तिचे दयेने ऐकिले. इतर रागावले, व तुझा नवरा भांडी सांधणारा असे म्हणून हिणवू लागले. तो गरीब कारागीर आहे म्हणूनच त्याचा तिरस्कार होतो व त्याला न्याय मिळत नाही, असे तिने तोंडावर सांगितले. तो उपदेश सोडील काय, असे विचारिता, जोवर त्याला बोलता येते तोवर तो सोडू धजणार नाही, असे तिने उत्तर दिले. घरी चार लेकरे, त्यांतील एक आंधळे, आणि भल्या लोकांच्या दानधर्मावाचून आधार नाही, अशा स्थितीत हे शब्द तिने उच्चारिले. बाहेर पडताना तिला रडू आले. पण आपल्या दुःखापेक्षा, प्रभू येईल तेव्हा हे लोक त्याला काय हिशेब देतील, ह्याचेच तिला अधिक वाईट वाटले.

कोणी म्हणेल, पोराबाळांस असे उघड्यावर टाकणे हा धर्म कसा? हा प्रश्न बनियनाने स्वतःला कोणाहीपेक्षा कठोरपणे विचारिला. बायकामुलांचा वियोग त्याला हाडांवरून मांस ओढावे तसा वाटे, आणि सर्वांत जास्त त्या आंधळ्या मुलीचा. तिला भूक, थंडी, मार सोसावे लागतील, भीक मागावी लागेल, हे मनात येताच त्याचे काळीज फाटे. आपण आपले घर स्वहस्ते बायकामुलांच्या डोक्यावर पाडीत आहो असे त्याला वाटे. तेव्हा त्याला शमुवेलाच्या पुस्तकातील त्या दोन दुभत्या गाई आठवत. त्यांची वासरे घरी कोंडिली होती. त्या हंबरत होत्या, तरी देवाचा कोश असलेली गाडी ओढीत त्या नीट वाटेने गेल्या, उजवीडावीकडे वळल्या नाहीत. वासराविना हंबरणारी गाय आमच्यापैकी कोणी ऐकिली नाही? बनियन दगडाचा नव्हता. तो हंबरत हंबरतच त्या वाटेने गेला. अनाथांस देवावर सोपवून देण्याविषयी यिर्मयाच्या ग्रंथात जे आश्वासन आहे, त्यावर त्याने भार टाकिला.

पण भार टाकून तो हात जोडून बसला नाही. तुरुंगात भांडी सांधणे शक्य नव्हते, म्हणून तो लांब नाड्यांच्या टोकांस धातूची टोके बसविण्यास शिकला. असल्या शेकडो नाड्या करून त्याने कुटुंबाच्या पोटास हातभार लाविला. त्याच कोठडीत पवित्र शास्त्र व हुतात्म्यांच्या इतिहासाचे एक पुस्तक जवळ ठेवून तो लिहीत असे. आपल्या तारणाची हकीकत त्याने इ. स. १६६६ मध्ये तेथूनच प्रसिद्ध केली.

इ. स. १६७२ मध्ये तो सुटला, व बेडफर्डच्या मंडळीने त्याला आपला पाळक केले. पुढे काही महिने त्याला पुन्हा तुरुंग भोगावा लागला. इ. स. १६७८ मध्ये यात्रिकाचे पुस्तक छापून निघाले, आणि त्याच्या हयातीतच त्याच्या दहांहून अधिक आवृत्त्या खपल्या. त्यातील ती जत्रा आठवा. तेथे घरे, जमिनी, मानमरातब, राज्ये, सुखोपभोग, सर्व काही विकावयास मांडिले आहे. परंतु दोघे यात्रेकरू कानांत बोटे घालून पुढे जातात आणि आपण सत्याचेच गिऱ्हाईक आहो असे सांगतात. ही जत्रा बनियनाने कल्पनेने रचिली खरी, पण तिच्यातील दुकानदारांशी त्याची जुनी ओळख होती.

कीर्ती आली तरी तो संपत्तीच्या मागे लागला नाही. इ. स. १६८५ मध्ये पुन्हा छळाची चिन्हे दिसताच त्याने आपली सर्व चीजवस्तू कायदेशीर लेखाने एलिझाबेथच्या नावे करून दिली; सरकारने पकडिले तरी घर उघडे पडू नये ही त्याची काळजी. इ. स. १६८८ मध्ये एका बापाचा मुलावर राग झाला होता, तो मिटविण्यास तो घोड्यावर बसून रेडिंग शहरी गेला. बापलेकांचे मन जुळले. तेथून लंडनास येताना तो मुसळधार पावसात भिजला, त्याला ताप भरला, आणि ३१ ऑगस्ट रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, एका वाणी मित्राच्या घरी तो प्रभूमध्ये निजला. ज्याचे पुस्तक घरोघर गेले त्याच्या मागे चाळीस पौंडांहून थोडीच अधिक मत्ता निघाली.

बंधूभगिनींनो, आमच्या खेड्यांतील ज्या पहिल्या विश्वासणाऱ्यांनी घर, हिस्सा, पाणवठा व पंगत सोडिली, त्यांस ही गोष्ट परकी वाटली नसती. आम्हांस कदाचित बारा वर्षांचा तुरुंग भोगावा लागणार नाही. आमच्यापुढे तागडी लहान असते : एका सोयरिकीसाठी मौन, बाजाराच्या एका दिवसासाठी चुकलेली उपासना, थोड्या पैशांसाठी एक खोटा अंगठा. प्रत्येक वेळी प्रश्न तोच असतो, आणि आपल्यापाशी किती आहे ह्यावर तो अवलंबून नसतो. भांडी सांधणाऱ्या ह्या मनुष्याने एकदा मनातल्या मनात हार खाल्ली, कृपेने उठला, आणि मग दिवसाढवळ्या सौदा नाकारिला. जो हरला आहे त्याने ह्यावरून आशा धरावी. जो उभा आहे त्याने सांभाळून राहावे. आणि दोघांनीही ध्यानात ठेवावे की, आपला खरा ठेवा खिशात नसून घरी आहे, जेथे कसर व गंज पोहोचत नाहीत.