बालगंधर्व : रंगमंचावरून माजघरात आलेला शालू

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ आणि अंबाड्यावर गजरा माळलेल्या तरुणी मोटारसायकलवरून निघतात, तेव्हा त्याला आता कुणी जुनेपणा म्हणत नाही, ‘रेट्रो’ म्हणतात. शिवून मिळणाऱ्या नऊवारीचा व्यवसायही चांगला चालतो. ठेवणीतल्या लुगड्याला फॅशनचा मान मिळण्याची घटना मराठी समाजात पूर्वीही एकदा घडली होती आणि ती एका पुरुषाने घडवली होती. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे परंपरा सांगते. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत प्रेक्षकांसमोर आले. कुलीन स्त्रिया रंगमंचावर येत नव्हत्या, त्यामुळे पुरुषाने लुगडे नेसण्यात नवल असे काही नव्हते. भाऊराव कोल्हटकरांनी ती वाट आधीच रुळवली होती. नवे होते ते नेसण्यातले शहाणपण. रंगमंचावरची नायिका ही भडक नटवी न वाटता एखाद्या सुखवस्तू घरातली लेक वाटली पाहिजे, हा बालगंधर्वांचा ध्यास होता. पदर कसा सावरावा, निऱ्या कशा बसाव्यात, मान वळवताना गजरा किती दिसावा याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता.

त्या काळच्या मध्यमवर्गीय बाईची लुगड्यांची पेटी ऋतू आणि सणवार यांच्या धाकात होती. संक्रांतीला चंद्रकळा, लग्नसराईत शालू, सणासुदीला पैठणी आणि एरवी रोजची सुती लुगडी. स्वतःला काय शोभते, हा प्रश्न सहसा विचारला जात नसे. नटणे हे घरंदाजपणाला फारसे मानवणारे नाही, अशीही एक समजूत होती. बालगंधर्वांनी तोच शालू आणि तीच पैठणी घेतली, पण ती अशी मिरवली की पाहणाऱ्या बायकांना आपल्याच पेटीतले वस्त्र नव्याने दिसू लागले. त्यांच्यासारखी केशरचना, त्यांच्यासारखा गजरा, त्यांच्यासारखे दागिने ही चांगल्या घरांतली हौस झाली. त्यांच्या छायाचित्रांचा उपयोग साबण आणि पावडरीच्या विक्रीसाठीही होऊ लागला. चित्रपटतारकांच्या जाहिरातींचे युग अजून दूर होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द करता आला असता. त्यांनी तो केला. श्रीमंत, मानी भामिनी आणि तिनेच घेतलेले साध्या वनमालेचे सोंग, अशा दोन टोकांच्या वेषांत ते त्या रात्री वावरले. नटवेपणाचा आरोप त्यांच्यावर पुढे पुष्कळदा झाला. त्या आरोपाचा विचार करताना ही रात्र विसरता येत नाही.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी हा या शृंगाराचा कळस मानला जातो. नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांत वऱ्हाडचे नाव त्या काळी मानाने घेतले जाई, कारण तिथे कापसाचा पैसा होता. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या आसपासच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद मार्गाच्या आगगाडीने बाहेर जाई. या गाडीला पुढे ‘शकुंतला’ हे नाव पडावे, हा निव्वळ योगायोग. थिएटर जिथे नव्हते तिथे ध्वनिमुद्रिका आणि छायाचित्रे पोहोचत.

राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू मात्र याच्या अगदी उलट होती. १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा रुक्मिणीच्या भरजरी वस्त्रांना सरावलेल्या प्रेक्षकांसमोर बालगंधर्व जुनेर नेसून, जात्याशी बसून गाऊ लागले. ठसठशीत वेषाचा मोह बाजूला ठेवण्याचे हे धाडस शालू मिरवण्याच्या धाडसाहून मोठे होते.

ही ऐट स्वस्त नव्हती. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी नेपथ्य, वेष आणि गालिचे यांवर त्यांनी हात सैल सोडला. भागीदार एकेक करून बाहेर पडले होते आणि लाखाहून अधिक कर्जाचा बोजा एकट्याच्या डोक्यावर आला. पैसा प्रेक्षकांचा आहे, तो प्रेक्षकांसाठीच खर्चावा, असा त्यांचा हिशेब होता. व्यवहारी माणसाला तो पटणे शक्य नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्याचे उत्पन्न फंडाला गेले. स्वतःचे कर्ज त्यांनी पुढची अनेक वर्षे प्रयोग करून फेडले.

मग काळच बदलला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि त्या साध्या, घरगुती वाटल्या. बोलपटांनी नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांची भूमिका केली. दाढीमिशांतले बालगंधर्व प्रेक्षकांना परके वाटले आणि कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्यांनी अभिनय करणे त्यांना मानवले नाही. ते पुन्हा लुगड्याकडे वळले. वय पन्नाशीला टेकले होते, अंग सुटले होते, तरी वेष उतरवणे त्यांना जमले नाही. ज्या नेसण्याचे एकेकाळी अनुकरण झाले, तेच आता काहींना केविलवाणे वाटू लागले. गाण्यासाठी येणारे येतच राहिले.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

२०११ मध्ये रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटाने तो सारा थाट नव्या पिढीला दाखवला. त्यातील वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला बालगंधर्वांच्याच हस्ते १९६२ मध्ये बसवली गेली होती. वास्तू खुली झाली २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या पहिल्या मरणोत्तर जन्मदिनी. या रंगमंदिरासाठी चित्रकार गोपाळराव देऊसकर यांनी त्यांची दोन चित्रे रंगवली. एक पुरुषवेषातले आहे, दुसरे स्त्रीवेषातले.