औंधचे राजे आणि शाळेतला सूर्यनमस्कार



रथसप्तमी जवळ आली की शाळाशाळांत सूर्यनमस्काराची तयारी सुरू होते. मुलं रांगेत उभी राहतात, फोटो निघतात, आणि मग वर्षभर तो विषय मागे पडतो. पण हाच व्यायाम आपल्या एका मराठी राजाने रोजच्या शाळेत आणला होता. ते राजे म्हणजे औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातलं, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथलं संस्थान लहानसं, अवघ्या ७२ गावांचं, आणि तीही सलग नव्हती, विखुरलेली होती. बाळासाहेब पदवीपर्यंत शिकले. चित्रं काढणं आणि कीर्तन करणं ही त्यांची आवड. १९०९ साली ते गादीवर आले.

शरीर कमावण्याची हौस त्यांना तरुणपणापासूनच होती. त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. बाळासाहेबांनी त्याची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि सुमारे दहा वर्षं त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग तो नेम त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. सूर्यनमस्कार बाळासाहेबांनी शोधून काढला नाही. सूर्याला नमस्कार घालण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. त्यांनी काय केलं, तर त्याला व्यायामाची शिस्त दिली. दहा स्थिती ठरवल्या, प्रत्येक स्थितीत श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा ते सांगितलं, त्यावर पुस्तकं लिहिली. औंधच्या शाळांमध्ये नमस्कार हा रोजचा भाग केला, मुलांसाठी आणि मुलींसाठीसुद्धा. राजवाड्यात राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत. आधी घरात आणि मग प्रजेला, असा हा प्रकार होता. १९३८ साली त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्याचं संपादन लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी केलं होतं. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदांचे अभ्यासकही औंधला येऊन राहिले होते. त्यांनीही या व्यायामाच्या प्रचाराला हातभार लावला.

आता शिक्षक म्हणून विचार करू. शाळेसाठी हाच व्यायाम का? एक तर साधन काहीच लागत नाही. आपल्याच शरीराचं वजन हेच डंबेल. एक सतरंजी मावेल एवढी जागा पुरते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. धावणं, कबड्डी, क्रिकेट यांत जे अवयव मागे राहतात, तेही नमस्कारात कामाला लागतात.

पुढे वाकताना मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. एक पाय मागे नेला की खुब्याचा सांधा मोकळा होतो आणि मागच्या पायाची बोटं वाकून भार घेतात. शरीर फळीसारखं सरळ धरलं की मनगटं, खांदे आणि पोट यांना काम पडतं. छाती आणि कपाळ जमिनीला हळूहळू टेकवताना दंडाच्या मागचा स्नायू राबतो. छाती वर उचलताना पाठीच्या कण्यालगतचे स्नायू जागे होतात. कंबर वर करून टाचा जमिनीकडे दाबल्या की घोटे आणि पोटऱ्या ताणल्या जातात. दिवसभर बाकावर वाकून बसणाऱ्या मुलांचे नेमके हेच भाग दुबळे राहतात. वर्गात बघा, कित्येक मुलांना टाचा टेकवून उकिडवं बसता येत नाही.

पण हा सगळा फायदा सावकाश घातलेल्या नमस्काराचा. शिट्टीच्या तालावर भराभर घातले की मूल फक्त आदळतं आणि उठतं. म्हणून आधी एकेक स्थिती शिकवावी, पाचापासून सुरुवात करावी, पोट भरलेलं नसावं. ज्या मुलाचं मनगट, गुडघा किंवा पाठ दुखत असेल त्याला जबरदस्ती नको, आधी डॉक्टरांना दाखवावं.

बाळासाहेबांचं आयुष्य फक्त व्यायामापुरतं नव्हतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला. तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधला त्यांनी जमवलेल्या चित्रांचं आणि शिल्पांचं श्री भवानी संग्रहालय आजही आहे. सहल न्यावी असं ते ठिकाण आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही त्यांच्याच संस्थानात सुरू झाली.

आणि सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. सत्तरीत आल्यावर त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन १९३९ साली औंधची राज्यघटना लागू झाली आणि गावपंचायतींना अधिकार मिळाले. दुसरे संस्थानिक आपली सत्ता जपत होते, तेव्हा हा राजा आपली सत्ता वाटत होता. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेबांचं निधन झालं.

मला या दोन गोष्टींत एकच धागा दिसतो. गाव स्वतःच्या पायावर उभं राहावं आणि मूलही. त्यासाठी महागडं सामान लागत नाही, पण रोज करावं लागतं. आपल्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतोच, पण परीक्षा जवळ आली की तो पहिल्यांदा गणिताला जातो. तो तास तेवढा राखूया. आणि पालकांनो, सकाळी मुलाबरोबर स्वतःही पाच नमस्कार घाला. मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त शिकतात, हे औंधच्या राजवाड्यात कळलं होतं, आपल्या घरातही कळेल.