कारखान्याला जागा शोधताना

मैत्रिणींनो, मी बदलापूरला बचत गटांचं काम करते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एखादी कंपनी बंद पडली, की आमच्या गटातला हप्ता थकतो. अशा वेळी मला शेठ वालचंद हिराचंद आठवतात.

१८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद आधी रेल्वेचे कंत्राटदार. आपण पुण्याला जाताना लागणाऱ्या बोरघाटातल्या काही बोगद्यांचं काम त्यांनी केलं. १९४० मध्ये त्यांनी विमानाचा कारखाना बंगळूरला काढला, कारण म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. मोटारींचा कारखानाही तिथेच काढायचा विचार होता, पण इंग्रज सरकारने साथ दिली नाही. मग १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि कारखाना कुर्ल्याला झाला. अमेरिकेहून येणाऱ्या सुट्या भागांसाठी बंदर जवळ, रेल्वे दाराशी आणि कामगारही हाकेच्या अंतरावर!

१९५३ मध्ये ते गेले. पुढे त्याच कंपनीच्या मोटारी आपल्या शेजारी डोंबिवलीतही बनल्या. आता दोन्हीकडचं ते काम थांबलंय.

मला मात्र जास्त भावतं ते इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. तिथे साखर कारखान्याभोवती त्यांनी घरं, शाळा असं अख्खं गावच वसवलं.

कारखाना यावा म्हणून सरकार जमीन, वीज, करसवलत देऊ करतं. पण कामावर जाणाऱ्या बाईसाठी पाळणाघर, रात्रपाळीनंतर घरी पोचवणारी बस? ते आपणच मागायला हवं, आणि तेही कारखान्याची जागा ठरते तेव्हाच. नंतर कोण ऐकतंय?