मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे

दगडांचा, वनस्पतींचा आणि ताऱ्यांचा अभ्यास मनुष्य फार पूर्वीपासून करीत आला. परंतु स्वतःचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने करण्याचे त्याला बऱ्याच उशिरा सुचले. निरनिराळ्या लोकांची शरीरे, त्यांच्या चालीरीती, नातीगोती, भाषा, देवदैवते आणि अन्नवस्त्रे यांचा विचार करणाऱ्या शास्त्रास मानवशास्त्र असे म्हणतात. हे शास्त्र महाराष्ट्रात रुजविण्याचे आणि त्यातील ज्ञान सामान्य मराठी वाचकाच्या घरापर्यंत पोहोचविण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत डॉ. इरावतीबाई कर्वे यांचे नाव अग्रभागी आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर हे तेथे नोकरीस होते. त्या देशातील इरावती या महानदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास धाडण्यात आले व हुजूरपागेच्या शाळेत घालण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे हिच्याशी तिची मैत्री जडली. शकुंतलेचे वडील रँग्लर परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या घरी ही परगावची मुलगी घरच्या मुलीप्रमाणे वाढली. पुस्तकांनी भरलेल्या आणि मोकळ्या विचारांच्या त्या घराचा संस्कार तिच्यावर जन्मभर राहिला.

१९२६ साली इरावतीबाई तत्त्वज्ञान हा विषय घेऊन पदवीधर झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला व १९२८ मध्ये एम. ए. ची पदवी मिळविली. याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आले होते. पत्नीनेही तेथे जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, असे त्यांना वाटले. त्या काळी विवाहित स्त्रीने एकटीने समुद्रापार विद्येसाठी जाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या.

बर्लिनमध्ये त्यांच्या विद्येची व मनोधैर्याची कसोटी लागली. तेथील कायझर विल्हेल्म संस्थेत प्राध्यापक ऑयगेन फिशर हे मानवशास्त्राचे प्रमुख होते. युरोपातील गोरे लोक इतर मानववंशांहून बुद्धीने श्रेष्ठ आहेत, असे ते मानीत. गोऱ्या माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि ही विषमता त्याच्या अधिक बुद्धीची खूण आहे, अशी त्यांची कल्पना होती. या विषयाचा अभ्यास इरावतीबाईंकडे आला. काही कवट्या युरोपीय लोकांच्या, तर काही आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या, अशा सुमारे दीडशे कवट्या त्यांनी काळजीपूर्वक मोजल्या. परकी भूमी, परकी भाषा, आणि पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती तेच हे मत मांडणारे गुरू! गुरूला रुचेल असा निष्कर्ष लिहून मोकळे होणे सोपे होते. परंतु मापे काही निराळेच सांगत होती. कवटीची विषमता सर्वच वंशांत आढळते. तिचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे इरावतीबाईंनी आपल्या प्रबंधात स्पष्ट लिहिले. फिशर यांनी प्रबंधास कनिष्ठ श्रेणी दिली. तरीही १९३० मध्ये डॉक्टर ही पदवी घेऊन त्या स्वदेशी परतल्या. पुढे तीनच वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि वंशश्रेष्ठत्वाच्या त्याच कल्पनेने लाखो निरपराध माणसांचा बळी घेतला. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या तरुण विद्यार्थिनीने राखलेल्या सत्यनिष्ठेचे मोल कळते.

भारतात आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबईस महिला विद्यापीठाचे कुलसचिवपद सांभाळले. परंतु कचेरीतील कामात त्यांचे मन रमेना. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली आणि त्यांना आपले खरे क्षेत्र लाभले. निवृत्तीपर्यंत त्यांनी तेथे समाजशास्त्र व मानवशास्त्र या विषयांचा विभाग चालविला. १९४७ च्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर त्या गुजरातेत लांघणजच्या उत्खननावर गेल्या. तेथे सापडलेल्या प्राचीन मानवाच्या सांगाड्यांचा त्यांनी अभ्यास केला.

इरावतीबाईंचे शास्त्र चार भिंतींत मावणारे नव्हते. मोजमापांची साधने घेऊन त्या गावोगाव हिंडत. लोक कसे राहतात, कोणाच्या घरी जेवतात, मुलीचे लग्न कोठे ठरवितात, हे त्या आस्थेने विचारीत. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील नात्यांची नावे व विवाहाच्या चाली गोळा करून त्यांनी १९५३ साली आप्तसंबंधांवरील आपला विख्यात इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. नात्याचे साधे शब्द किती इतिहास सांगतात पाहा. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्यांना मामंजी व सासूला आत्याबाई म्हणे. उत्तर भारतात मामाची मुलगी बहिणीसारखी मानतात, तर दक्षिणेत तिच्याशी विवाह योग्य समजतात. महाराष्ट्र हा या दोहोंच्या मधला प्रदेश असल्याने येथील चालीरीतींत दोन्हीकडच्या खुणा मिसळलेल्या दिसतात.

जातींविषयीही त्यांनी असेच बारकाईने पाहिले. एकच कुंभारकाम करणारे, पण निराळ्या प्रकारचे चाक वापरणारे कुंभार एकमेकांत लग्नसंबंध करीत नाहीत, हे त्यांना आढळले. त्यांच्या शरीरांची मापेही त्यांनी घेतली. मूळच्या एकाच समाजाचे तुकडे होऊन सर्व जाती बनल्या नसून अनेक स्वतंत्र जनसमूह शेजारी येऊन हा समाज घडला, असे मत त्यांनी मांडले. अशा मापांवर विसंबण्याची ती पद्धत आता मागे पडली आहे. परंतु प्रत्यक्ष पाहिल्यावाचून मत बनवू नये, हा त्यांचा नियम जुना झालेला नाही.

एकदा त्या वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालल्या. दिंडीत सर्वजण एकत्र चालत, एकत्र अभंग गात. परंतु मुक्कामी जातीप्रमाणे निरनिराळ्या पंगती बसत. हे पाहून त्यांना खेद वाटला. त्या स्वतः मराठा स्त्रियांच्या पंगतीस जेवल्या, आणि त्या स्त्रियांशी त्यांचा स्नेह अधिकच वाढला. या प्रवासाचे वर्णन त्यांनी एका सुंदर लेखात केले आहे. ज्या भूमीचे लोक पंढरीस जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशी ओळख त्यांना या वाटेवर पटली.

विद्वानांसाठी त्या इंग्रजीत लिहीत. परंतु तेवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. मराठी लोकांची संस्कृती, परिपूर्ती, भोवरा इत्यादी पुस्तकांतून त्यांनी आपले अनुभव व विचार सोप्या, जिव्हाळ्याच्या मराठीत मांडले. महाभारतातील व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहणारे त्यांचे युगान्त हे पुस्तक १९६७ मध्ये आले, आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांतील कुटुंबांची पाहणीही त्यांनी केली. धरणाची वीज राज्याला मिळाली. परंतु ज्यांची घरे व शेते पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनात काय उणे राहिले, हे १९६९ च्या त्या अहवालात नोंदलेले आहे.

राहणीतही त्या स्वतंत्र वृत्तीच्या होत्या. पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालविणारी स्त्री लोकांनी प्रथम पाहिली, ती इरावतीबाईंच्या रूपाने. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेल्या वाटेने जाण्यास फार दूरचा प्रवास करावा लागत नाही. ठाण्याच्या पूर्वेकडील कोपरीचे उदाहरण घ्या. ही मूळची आगरी-कोळी लोकांची वस्ती. देशाच्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे तेथे स्थायिक झाली, आणि पुढे ठिकठिकाणचे लोक येत राहिले. अशा गावातील शेजारच्या दोन घरी जावे. मामाला व आजीला तेथे काय म्हणतात, सणाला कोणता पदार्थ करतात, लग्नात कोणती गाणी म्हणतात, हे आदराने विचारावे. जे ऐकले ते, पदरचे काही न घालता, वहीत उतरून ठेवावे. इरावतीबाईंच्या शास्त्रातील पहिला धडा तोच होय.