क्रांतिज्योती सावित्रीबाई : शाळा आणि सेवा

आम्हा मराठवाड्यातील मुलांना १९४८ हे साल तोंडपाठ असते. त्या वर्षी १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. त्याच वर्षी जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर घातलेला छापा गावात आजही अभिमानाने सांगितला जातो. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८४८ साली, पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात आणखी एक लढा सुरू झाला होता. त्यात बंदुका नव्हत्या, पाटी-पेन्सिल होती. आणि लढणारी होती सतरा वर्षांची सून, सावित्रीबाई जोतीराव फुले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील. वयाच्या नवव्या वर्षी, १८४० साली, जोतीरावांशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती जोतीरावांनी करून दिली. पुढे त्यांनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि त्या मुलींना शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक शेण-चिखल फेकत. म्हणून त्या जास्तीचे लुगडे सोबत नेत, असे सांगतात. १८४९ साली सासऱ्यांनी समाजाच्या धाकाने दोघांना घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख त्यांच्या सहकारी शिक्षिका झाल्या. आज मी एकोणीस वर्षांची आहे. सावित्रीबाईंनी शाळेसाठी घर सोडले तेव्हा त्या माझ्याहून लहान होत्या. हा विचार मनात आला की माझे पुस्तक हातातच राहते.

१८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी ८ मुली आल्या, थोड्याच काळात ती संख्या ४८ झाली. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेने काय साधले याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

३ जानेवारीची आपली भाषणे बहुधा इथेच थांबतात. मला मात्र सावित्रीबाईंचे पुढचे आयुष्य जास्त विचार करायला लावते. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, पुनर्विवाहाला बंदी. अशा स्त्रीला कोणी फसविले आणि दिवस गेले, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरत. एक तर विहीर, नाहीतर बाळाचा गळा. काशीबाई नावाच्या एका विधवेने भीतीपोटी आपले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसविणारा मोकळाच राहिला. या घटनेने हादरून फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. कोणत्याही विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. १८८४ पर्यंत ३५ स्त्रिया तेथे आल्या. त्यांची बाळंतपणे आणि शुश्रूषा सावित्रीबाईंनी सांभाळली. १८७४ साली तेथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

१८६८ मध्ये त्या माहेरी नायगावला असताना एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून दिवस गेलेली अस्पृश्य मुलगी यांना मारायला गाव उठले. सावित्रीबाई धावत गेल्या, सरकारी कायद्याची जाणीव देऊन गाव शांत केले आणि त्या दोघांना जोतीरावांकडे पुण्याला पाठविले. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलांच्या जेवणाची व्यवस्था केली. १८९० साली जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाईच. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

मग १८९७ चा प्लेग आला. पुण्याच्या दाट वस्तीत माणसे पटापट मरू लागली. तपासणीच्या धास्तीने लोक रोगी लपवून ठेवीत. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, मोकळ्या हवेत, दवाखाना सुरू केला. त्या स्वतः वस्त्यांत फिरून रोगी आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला होता. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ज्या हातांनी पाटी धरायला शिकविले, त्याच हातांनी बाळंतिणीला सावरले आणि शेवटी प्लेगचा रोगी उचलला. शिक्षण आणि आरोग्य अशी दोन खाती त्यांनी केली नाहीत. अडाणी बाई आजाराचे नाव सांगू शकत नाही. आजारी मुलगी शाळेत बसू शकत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका अजूनही गोळ्यांचे पाकीट घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, बाई, ही जेवणाआधी का नंतर? माझ्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. माझ्या आजीने अंगठ्यावर आयुष्य काढले. निजामी काळात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, खेड्यात शाळा विरळ होत्या. मग मुलींना कोण विचारतो? त्यामुळे भिडे वाड्यातली पाटी आमच्या घरापर्यंत यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

२०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. ते योग्यच झाले. पण नाव पाटीवर चढते तेव्हा ते उंच जाते आणि लांबही जाते. त्यांचे काम मात्र नेहमी हाताच्या अंतरावर होते. एखाद्या भावजयीला सही शिकवणे, शाळा सोडलेल्या मुलीच्या आईशी बोलणे, बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात नेणे, यासाठी मोठे अधिकारपद लागत नाही. शिकलेल्या प्रत्येक मुलीने एवढे केले, तरी सावित्रीबाईंची शाळा सुटली नाही असे म्हणता येईल.