सापाच्या घराला ऊब देणाऱ्या जोन प्रॉक्टर कोण होत्या?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात. आपण स्वेटर चढवतो. सापाला मात्र ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. ती मिळाली नाही, तर गिळलेले भक्ष्य पचत नाही, पोटात कुजते आणि साप ते ओकून टाकतो.

मोबाइलवर सध्या घरगुती ‘स्नेक रॅक’चे व्हिडिओ दिसतात. प्लायवूडची मांडणी, त्यात सरकणारे प्लास्टिकचे डबे, मागच्या बाजूला हीटिंग स्ट्रिप आणि तिला थर्मोस्टॅट. बॉल पायथनसाठी डब्याचे एक टोक साधारण ३१-३२ अंश, तर दुसरे २५-२६ अंशांवर ठेवतात. थर्मोस्टॅट हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तो वाचवून पैसे वाचवायला गेलात, तर स्ट्रिप तापत राहते आणि बंद डब्यातल्या सापाला पळायला जागा नसते.

एकाच घरात गरम आणि थंड अशा दोन्ही जागा ही कल्पना सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका अख्ख्या इमारतीत उतरवणाऱ्या बाईंचे नाव जोन प्रॉक्टर.

वर्गात मगर

जोन यांचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शेअर दलाल, आई चित्रकार. लहानपणापासून पोटाच्या दुखण्याने त्यांना ग्रासले होते. दहाव्या वर्षापासून घरात सरडे-साप आले. सोळाव्या वर्षी तर पाळलेली लहान मगर घेऊन त्या शाळेत गेल्या, तीही गणिताच्या तासाला!

आजारपणामुळे केंब्रिजला जाणे हुकले. पण ब्रिटिश म्युझियममधील सर्पतज्ज्ञ जॉर्ज बुलेंजर यांनी १९१६ मध्ये त्यांना मदतनीस म्हणून घेतले. बुलेंजर निवृत्त झाल्यावर तो विभाग जोन यांच्याकडे आला. १९२३ मध्ये त्या लंडन प्राणिसंग्रहालयाच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख झाल्या. या पदावर त्याआधी एकही स्त्री नव्हती. वय होते अवघे २६.

नवे घर

जोन यांचा हात आईसारखाच चित्रकलेत आणि मॉडेल बनवण्यात तयार होता. संग्रहालयातील मत्स्यालयाचे खडकही त्यांनीच घडवले होते. वास्तुविशारद गाय डॉबर यांच्यासोबत त्यांनी ‘रेप्टाइल हाउस’ची आखणी केली आणि १९२७ मध्ये ते सुरू झाले.

इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला या इमारतीचे कौतुक वाटते ते इथे. विजेवर चालणारी उष्णता सगळीकडे सारखी नव्हती, प्राण्यांच्या गरजेप्रमाणे ती कमी-जास्त ठेवलेली होती. काचही खास होती. साधी काच उन्हातले अतिनील किरण बरेचसे अडवते, ही त्यांना आत येऊ देई. शिवाय प्रेक्षकांचा भाग अंधारा आणि पिंजरे उजळलेले, म्हणजे काचेवर आपलेच प्रतिबिंब दिसत नाही. खडक आणि झाडोऱ्याची रचना त्या प्राण्याच्या मूळ अधिवासाप्रमाणे. आजच्या रॅकमध्ये उष्णतेचे गणित असते, पण ऊन आणि खडक यांना तिथे जागाच उरत नाही.

त्याच वर्षी संग्रहालयात दोन कोमोडो ड्रॅगन आले. हा महाकाय सरडा म्हणजे क्रूर राक्षस, अशी तेव्हाची समजूत. जोन यांनी त्यातल्या एकाला इतके माणसाळवले, की १९२८ मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत त्या त्याला सोबत घेऊन गेल्या. पुढे चालणे अवघड झाले, तेव्हा व्हीलचेअरवरून फिरताना हा ड्रॅगन पट्ट्याला बांधून त्यांच्यासोबत असे.

नाशिकमध्ये साप पाळता येतो?

नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, डबा कितीही चांगला बनवला तरी. बॉल पायथनसारख्या परदेशी सापांची नोंद केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. घरात साप निघालाच तर वन विभागाला कळवा.

१९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने जोन यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी २० सप्टेंबरला, वयाच्या ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रेप्टाइल हाउसची ती इमारत लंडनमध्ये आजही उभी आहे.